लेआर्को डोंगरात गेलाय

३ जुलै १९८४

वही जिनेव्राने दिली. म्हणाली, "आजी, दिवसभर बोलतेस ते यात बोल, आमचे कान सोड!" नात आहे की सासू! माझी शाळा तिसरीपर्यंत. चालेल, वाचणार कोण?

आज पाहुण्यांच्या सगळ्या खोल्या भरल्या. मोदेनाची बाई आली, तीन पोरं घेऊन — काय गोड! धाकट्याने पायरीवरच आइसक्रीम सांडलं, वर मलाच रागावला. मग बाई म्हणाली, "लेआर्कोकाका दिसत नाहीत ते?" माझ्या तोंडातून निघून गेलं — "डोंगरात गेलाय. बहिणीकडे, गुडघ्यासाठी."

लेआर्कोला फेब्रुवारीत पुरलं. मी तिथे होते. वारा होता. रडू आलं नाही. मग पायरी पुसली.

४ जुलै

इव्हानो भडकला. "आई, बाबा गेलेत! सहलीला नाही, गेलेत!" मला माहीत नाही होय रे? पण हा सीझन आहे. पाववाल्या नेव्हियोची आई गेल्या जुलैत वारली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गिऱ्हाइकांना म्हणत होता, "आज समुद्र कसा आरसा झालाय!" दुखवट्याची काळी पट्टी दंडाला बांधली ती ऑक्टोबरात, गाव रिकामं झाल्यावर. आमच्याकडे असंच. माणसं वर्षभर राबून पंधरा दिवस येतात, त्यांच्या ताटात मरण वाढायचं?

"आणि ऑगस्टात बाबांचे दोस्त गालिंबेर्ती येतील तेव्हा?" इव्हानो म्हणाला.

मी टोमॅटो चिरायला गेले.

५ जुलै

चादरी धुतल्या. वाळल्या.

११ जुलै

चौथ्या खोलीतल्या मास्तरांनी विचारलं, हे गाव किती जुनं? मला हसूच आलं. मास्तर, हे गाव माझ्याहून दोनच वर्षांनी मोठं! आधी कागदावर झालं, मग जमिनीवर. मिलानची मंडळी नकाशा घेऊन आली. पाइनच्या रानात बंगले, बंगल्यांना बागा, गोल चौक, आडव्या गल्ल्या — गल्ल्यांना नावं नाहीत, नुसते आकडे. माझे बाबा चेर्व्हियाच्या मिठागरात कामाला. पहिल्या बंगल्यांच्या विटा त्यांनी वाहिल्या. घरी येऊन म्हणायचे, "श्रीमंतांना वेड लागलंय. डासांना भाड्याने खोल्या देणार आहेत!" आई हसून हसून खाली बसायची. मग लढाई आली, वाळूत सुरुंग आले, बंगल्यांची दारं लोकांनी जाळायला नेली. आणि मग पुन्हा छत्र्या — निळ्या, पिवळ्या, रांगेने, फुटपट्टीने आखल्यासारख्या.

आमचं पेन्सिओने, हे पाहुण्यांचं घर, त्रेपन्न सालचं. व्हरांड्याच्या मध्येच पाइन येत होता. गवंडी म्हणाला, तोडू. लेआर्को म्हणाला, "झाड आधी आलंय. पाहुणा आपण." छपराला भोक ठेवलं. पाऊस आला की त्या टेबलावरची माणसं सुपाची ताटली घेऊन पळतात. काय मजा यायची!

मास्तर म्हणाले, "तुमचे यजमान भले गृहस्थ दिसतात. भेटायला आवडेल."

"येईल की," मी म्हटलं.

२ ऑगस्ट

तीन दिवसांनी गालिंबेर्तीसाहेब येतील, बायको पिएराबाईही. एकोणतीस वर्षं, पाच तारीख, पहिल्या मजल्यावरची कोपऱ्याची खोली. साहेब आणि लेआर्को व्हरांड्यात पत्ते कुटायचे. "चोरा!" "मिलानी भामट्या!" सगळी गल्ली ऐकायची. पिएराबाई माझ्याजवळ स्वयंपाकघरात येऊन शेंगा सोलायच्या. पाहुणी बाई, पण ऐकेल तर शपथ.

मोदेनाच्या बाईला खोटं सांगणं सोपं. साहेबांना कसं सांगू? आणि खरं तरी कसं सांगू? इव्हानो म्हणतो, "तू नाही सांगितलंस तर मी सांगेन." मी म्हटलं, तोंड उघडून तर बघ. नवऱ्याची गोष्ट आहे, मी सांगेन.

५ ऑगस्ट

साहेब आले. एकटेच!

"पिएरा दमलीय यंदा. उकाडा सोसत नाही. धाकट्या बहिणीकडे तळ्याकाठी गेलीय. तुम्हाला खूप खूप आठवण सांगितलीय." वाळलेत बिचारे. शर्टाची कॉलर मोठी झालीय. बायको घरी नसली की पुरुषांचं असंच. "आणि तो चोर कुठाय?"

सांगायचं होतं. देवाशपथ सांगायचं होतं.

"डोंगरात. गुडघ्यासाठी."

"अरेरे," साहेब म्हणाले. बराच वेळ बॅगेच्या कडीशी खेळत राहिले. "मग यंदा जिंकणारा मीच."

इव्हानोने माझ्याकडे पाहिलं. मी किल्ली दिली.

८ ऑगस्ट

"पिएराबाईंना फोन लावून द्या ना, बोलते दोन शब्द." — "दुपारची झोपते हो ती." संध्याकाळी म्हणाले, "लेआर्कोचा डोंगरातला नंबर द्या, शिव्या घालतो." — "तिथे फोन पोचलेला नाही, साहेब." मी पियादीनाची पातळ पोळी भाजली, आत मऊ चीज घातलं. अर्धीच खाल्ली त्यांनी.

१२ ऑगस्ट

काही वाटत नाही. रात्रीच्या भांड्यांवर पाणी ओतते तेव्हाही नाही.

१५ ऑगस्ट

फेरागोस्तोच्या सणाचं जेवण. सगळी गल्ली गच्च, पोरांनी समुद्रावर फटाके उडवले, माझी छोटी पणती दर धडाक्याला टाळ्या वाजवत होती! कलिंगड दरवर्षी लेआर्को कापायचा. यंदा साहेब उठले, सुरी घेतली. वाकडेतिकडे तुकडे झाले. कुणीतरी ओरडलं, "लेआर्कोच्या तब्येतीसाठी!" सगळ्यांनी ग्लास उचलले. साहेबांनीही. मीही.

इव्हानो टेबल सोडून गेला.

१८ ऑगस्ट

उद्या साहेब जातात. इव्हानो म्हणाला, "आई, त्यांचं वय बघ. पुढच्या वर्षी सांगायला तू असशील, ते असतील?" बरोबर बोलला. उद्या सांगते. सकाळी, कॉफीबरोबर. जीव घाबरा होतोय का बघत होते. नाही.

१९ ऑगस्ट

कॉफीच्या वेळी जमलं नाही. टॅक्सी आली. साहेब दारात, हातात टोपी. मी म्हटलं, "पिएराबाईंना माझं —" आणि ते म्हणाले, "आर्जियाबाई, पिएराला मार्चमध्ये पुरलं. तुमच्या सुट्टीवाल्यांपुढे कसं बोलू, म्हणून —"

मी म्हटलं, "लेआर्कोला फेब्रुवारीत."

आम्ही तिथेच पायरीवर बसलो. टॅक्सीवाला हॉर्न वाजवत राहिला. मोदेनाच्या बाईनंतर आलेली सगळी पाहुणे माणसं समुद्रावर निघाली होती, छत्र्या, बादल्या, पोरं. मी त्यांच्या पुढ्यात मोठ्याने रडले.