तिकाटण्याचं टोक

कात्रज, रविवार, १८ मार्च २००१

दुर्बीण ठेवायचं तीन पायांचं सागवानी तिकाटणं मी केलं. खोबणी, पाय आवळायच्या पितळी चाव्या, वाळूत रुतावीत म्हणून पायांना लोखंडी टोकं, सगळं स्वतःच्या हातानं, कुणाकडे न शिकता. खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या बेटावर आयटीतल्या मुलांना पक्षी दाखवायला नेलं, तेव्हा हेच ऐकवत होतो.

तिकाटणं रोवताना आमचं जेवण करणाऱ्या कोळीणबाई म्हणाल्या, "काका, तिथं नको, चिखल्या पक्ष्याची अंडी हायेत."

"बाई, तुम्ही मासळी बघा. पक्षी आम्ही बघतो."

मुलं हसली. मीही.

तिकाटणं उचललं तर टोकाला बलक. वाळूच्याच रंगाचं अंडं, एवढंसं. मी घाईनं टोक रुमालानं पुसलं. फक्त बाईंनी पाहिलं. दुपारी माझ्याच ताटात सुरमईची मोठी तुकडी वाढली. "खावा काका." वीस वर्षं पक्षी बघतो म्हणे मी!

घरी आल्यावर टोक तीनदा धुतलं. स्वच्छ आहे. तरी पुन्हा जाऊन पाहिलं.

परतताना गाडीत मुलांच्या साहेबांनी पुढच्या फेऱ्यांचं विचारलं होतं. गुडघे दुखतात असं खोटंच सांगून नाही म्हटलं. दर महिन्याला बेटावर एक फेरी, फेरीचे मला पाच हजार देणार होते.