नकाशावरचं बोट

प्रिय आकडेबाई,

घाईत लिहितेय, तेव्हा अक्षर लावून घे.

कालव्याकाठच्या वस्तीतल्या गरिबीचं काम तुला ठाऊकच आहे. आधी घरोघर प्रश्नावली, मग निवडक घरांत निवांत बसून गप्पा, ही जोडी तूच जमवून दिलीस. नुसते आकडे मुके आणि नुसत्या गोष्टींवर कुणी विश्वास ठेवत नाही, असं तू म्हणायचीस. खरंच होतं ते. प्रश्नावलीत बटणवालीचं घर 'बरं चाललेलं' ठरलं होतं. पक्की फरशी, शिलाई मशीन, दोन वेळचं जेवण. तिच्याकडे बसायला लागले तेव्हा कळलं, मशीन ठेकेदाराचं आहे, आणि ते मावावं म्हणून आजारी सासूचं अंथरूण दाराच्या तोंडाशी सरकलंय. हळूहळू ती मोकळी झाली. एकदा शर्टाला बटण लावून दातांनी धागा तोडता तोडता म्हणाली, खोली मेलेल्या दिराच्या नावावर आहे, कुणाला कळलं तर आम्ही रस्त्यावर. मी म्हटलं, माझ्या तोंडून जाणार नाही.

अहवालात मी तिचं नाव घातलं नाही, नुसतं 'बटणं लावणारी बाई, सासू अंथरुणाला', आणि खोलीबद्दल तर अवाक्षर नाही. नकाशात घरांचे नुसते क्रमांक घातलेले ठिपके. तुझ्या तक्त्यात त्याच क्रमांकांपुढे घरात माणसं किती, अंथरुणाला कोण खिळलंय, एवढंच. प्रत्येक कागद आपापल्या जागी अगदी साळसूद.

परवा आपल्या कामाला पैसे देणाऱ्या कचेरीतले साहेब आले. बोलणं लोण्यासारखं. त्यांनी नकाशा, तक्ता आणि अहवाल शेजारी शेजारी मांडले, जरा वेळ पाहिलं आणि एका ठिपक्यावर बोट ठेवलं. हेच ना हो ते बटणं लावणाऱ्या बाईंचं घर, म्हणाले.  सांगता येत नाही, मी म्हटलं, तर हसले. वस्ती हलवायची आहे, दुसरीकडे घर कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही ते ठरवायला मूळ मुलाखती लागतील, ध्वनिमुद्रणासकट पाठवून द्या, म्हणाले.

ते गेले तशी मी धावत तिच्याकडे गेले. सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या घालेल. तिने सुई कापडात खोचली, सासूचं पांघरूण सारखं केलं आणि एवढंच विचारलं, आवाजावरून माणूस ओळखतात का हो?  

माझ्याकडच्या मुलाखती मी पुसल्या. नोकरीचं व्हायचं ते होवो. पण पडताळणीसाठी पाठवलेली एक प्रत तुझ्याकडे आहे, आणि अहवालाच्या पहिल्याच पानावर तुझं नाव आहे. साहेब तुझ्याकडे येणारच. फोनवर बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून धाकट्या भावाच्या हाती पत्र पाठवतेय. आधी ती प्रत पुसून टाक, मग त्याला चहापाणी विचार. साहेब आले की सांग, मुलाखती तुझ्याकडे आल्याच नव्हत्या. तू आयुष्यात एक आकडा इकडचा तिकडे केला नाहीस, मला माहीत आहे. आणि आत्ता मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटतेय.

तुझीच,
तू नाव ठेवलेली गोष्टीवेल्हाळ