धुराचा सॉना आणि माझा करार

११ ऑक्टोबर
आज पुन्हा राखीव खेळाडूंच्या बाकावर. आयवार कोच मला शेवटच्या मोठ्या मॅचसाठी राखून ठेवतायत, हे उघड आहे. चौतिसाव्या वर्षी बचावपटूला डोकं येतं. पाय काय, कुणालाही असतात. नोव्हेंबरअखेर करार संपतो. नवा कधी मिळणार, असं बायकोने, कायरेने, विचारलं. मिळेलच म्हटलं. उद्यापासून पहाटे तळ्याभोवती धावणार. बिअर बंद.

१२ ऑक्टोबर
धावलो नाही. वारं बोचरं. माझा गुडघा ही क्लबची मालमत्ता, ती जपणं कर्तव्य. बिअर एकच घेतली, ती उघडलेलीच होती.

२० ऑक्टोबर
सरावात टावी मला दोनदा चकवून गेला. नवा आहे, आत्मविश्वास यावा म्हणून जाऊ दिला. वर म्हणतो कसा, काका, असे उभे राहू नका, सर्दी होईल. सगळे हसले. कोच हसले नाहीत, बोललेही नाहीत. आमच्या वोरू गावचा माणूस खूश असला की बोलत नाही. नाखूश असला तरी बोलत नाही, पण ते वेगळं दिसतं.

२८ ऑक्टोबर
फोन! राष्ट्रीय संघाचा असेल म्हणून जरा वाजू दिला. निघाला मेव्हणा इंद्रेक, फिनलंडहून बोलत होता. तिथल्या बांधकामावर एक जागा आहे, रविवारपर्यंत कळव म्हणाला. मी म्हटलं, क्लबचं ठरतंय. क्लब हो म्हणाला का? नाही म्हणालेला नाही, असं मी सांगितलं. रात्री झोप नाही. उत्साह असणार.

३० ऑक्टोबर
कोचनी शनिवारी त्यांच्या शेतावरच्या धुराच्या सॉनात, त्या बिनधुराड्याच्या वाफेच्या न्हाणीघरात, बोलावलंय! आमच्याकडे सॉनात वाकडा शब्द काढत नाहीत, चर्चमध्ये बसल्यासारखं बसायचं. काढून टाकायचं असतं तर तिथे बोलावलं असतं? कायरे म्हणाली, अरे, मग बाहेर आल्यावर सांगतील. तिला फुटबॉल कळत नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार
आत काळोख, काजळी आणि आम्ही दोघे. कोचनी गुडघ्याचं विचारलं, बटाट्यांचं विचारलं. मग म्हणाले, टारव्हो, चल बाहेर, जरा बोलायचंय. मी म्हटलं, अजून थोडं पाणी टाकू की तापल्या दगडांवर, वाफ येऊ दे. टाकलं. ते पुन्हा म्हणाले, मी पुन्हा टाकलं. कोच बिटासारखे लाल. माझ्या छातीत धडधडत होतं, पण बचावपटू जागा सोडत नाही. शेवटी तेच धडपडत बाहेर पडले. मी त्यांना चुकवून सुटलो तो थेट तळ्यात, तिथून कपड्यांकडे, तिथून गाडीत. मागून हाक आली. मी हात हलवला.
थोडक्यात, वाईट शब्द निघालाच नाही. करार पक्का! इंद्रेकला कळवलं, जागा दुसऱ्याला दे. कायरे जेवली नाही.

९ नोव्हेंबर
शेवटची मॅच. हरलो तर खालची लीग. बरोबरी असताना, अगदी शेवटी, कोचनी मला मैदानात उतरवलं आणि दंडाला कप्तानाची पट्टी बांधली. गोलमध्ये चाललेला एक चेंडू मी डोक्याने काढला. खरंच काढला. क्लब वाचला.
मग लाउडस्पीकरवर टारव्होचे आभार आणि निरोप. टावीने फुलं दिली. रडत होता. कायरे टाळ्या वाजवत होती. तिला ठाऊक असावं. पुढचं नाव आयवार कोचचं. त्यांनाही निरोप.

१० नोव्हेंबर
सकाळीच इंद्रेकला फोन. जागा गेली. कुणी घेतली? तुझ्या कोचनी, म्हणाला. त्यांनीही गेल्या महिन्यातच मला विचारलं होतं, पण तुझं नाव ऐकून मागे सरले. म्हणाले, आम्हा दोघांनाही काढलंय, हे त्याला मीच सांगतो. त्याला जागा हवी असेल तर मी नाही येत. म्हणून तर बोलावलं होतं तुला. तू पळालास, वर जागा नको म्हणालास, मग त्यांनाच दिली.
तेल गेलं, तूप गेलं, हाती फुलं आली. कायरेने ती पाण्यात ठेवली.
कोचना फोन लावला. ते फिनलंडच्या बोटीवर चढत होते. सॉना छान होता, म्हटलं. ते म्हणाले, पुन्हा ये, फक्त गाडी लांब लाव.
फोन ठेवला आणि रडलो.