बारक्याची पाळी

२ नोव्हेंबर

आज भाजी निवडता निवडता एकदम मागच्या अंगणातली भिंत आठवली. रविवारची सकाळ. भिंतीवर बिस्किटांचा रिकामा डबा, बाबा खुर्चीत पेपर घेऊन. बारक्या एक गुडघा टेकून बसलेला, खांद्याला बाबांची छऱ्याची बंदूक. मी त्याच्यामागे, शाळेच्या पिनाफोरच्या खिशात छर्रे घेऊन. एक छर्रा त्याचा, एक माझा. नेम चुकला तरी पाळी गेली. फक्त छर्रा नळीत अडकला तर पाळी पुरी झाली असं धरायचं नाही, पुन्हा त्याचीच. हा बाबांचा कायदा आणि त्यावर अपील नव्हतं. त्या सकाळी विशेष काही घडलं नाही. डबा पडला, आम्ही तो परत उभा केला. एवढंच.

आणि संध्याकाळी बारक्याचाच फोन. (धाकटा भाऊ. वजन शंभरच्या घरात गेलं तरी नाव बारक्याच.) घर विकलं म्हणाला. महिनाअखेरीस परदेशात मुलाकडे जाणार, कायमचा. त्याआधी आठवडाभर माझ्याकडे राहणार. शेवटी हळूच विचारलं, बाबांची बंदूक आहे का गं अजून? म्हटलं, आहे म्हणजे काय, फर्स्ट क्लास आहे.

३ नोव्हेंबर

बंदूक माळ्यावरून काढली. फर्स्ट क्लास नाही. चाप ओढला तर छर्रा नळीच्या तोंडाशी आला, जरा इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या चपलेवर पडला.

बारक्या जातोय याचं मला वाईट वगैरे वाटत नाही. माणसं जातातच. फक्त एकदा त्याने इथे गच्चीवर दोन डबे पाडले, की त्याचं त्यालाच कळेल की तिकडे असलं काही नसतं. तिकीट रद्द करता येतं. मी चौकशी केली आहे. सहज.

५ नोव्हेंबर

बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्याने सांगितलं, पिस्टनच्या टोकाचं चामडं कुजलंय, त्यामुळे हवेला जोरच येत नाही. कन्व्हर्शन किट मिळतो. नवा पिस्टन, त्याला चामड्याऐवजी प्लास्टिकचं सील, नवी स्प्रिंग. पण बसवून जानेवारीत मिळेल. जानेवारीत बारक्या कुठे असेल? किट विकत घेतला आणि म्हटलं, मीच बसवीन. तो म्हणाला, "बाई, घरी उघडू नका." साहजिक आहे. गिऱ्हाईक हातचं गेलं की कुणालाही वाईट वाटतं.

कॉन्व्हेंट शाळेत शिवणाच्या सिस्टरचं मशीन अडलं की अख्ख्या वर्गातून मला हाक यायची. शिवणाचं मशीन आणि बंदूक यांत तत्त्वतः फरक नाही.

संकल्प: रोज एक तास काम. शांतपणे. कुणावर डाफरायचं नाही.

६ नोव्हेंबर

आज काम नाही. आधी टेबल आवरायला हवं.

७ नोव्हेंबर

टेबल आवरलं. त्यात हरवलेला चष्मा सापडला. चांगली सुरुवात.

९ नोव्हेंबर

किट उघडला. सगळे भाग क्रोशाच्या रुमालावर मांडले. फार सुंदर दिसतात. सोबत माहितीपुस्तिका आहे, तिचं इंग्रजी मात्र वाचवत नाही. आर्टिकल्स नाहीत, क्रियापदं वाटेल तिथे. लाल पेन्सिल घेऊन बसले ती दिवेलागणीलाच उठले. शंभरपैकी पस्तीस दिले, तेही उदार मनाने.

एका पानावर तर ठळक अक्षरांत चक्क "नो प्रेस स्प्रिंग, नो पुल पिन." असं कुणी लिहितं? मी व्यवस्थित दोन वाक्यं केली: स्प्रिंग दाबू नये. पिन ओढू नये. दोन पूर्णविराम. सिस्टर असत्या तर पाठ थोपटली असती.

काम सुरू झालेलं नाही, पण निम्मं झाल्यासारखंच आहे.

१० नोव्हेंबर

यांनी चहाच्या वेळी पुस्तिका चाळली. विचारलं, स्प्रिंग दाबायची नाही आणि पिन ओढायची नाही, तर आतलं सामान बाहेर कसं यायचं? मी म्हटलं, यंत्राचं तंत्र असतं. हे उठले, स्कूटरचं हेल्मेट घातलं आणि पुन्हा पेपर वाचायला बसले.

चाळीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याकडून थोडा विश्वास मिळावा ही अपेक्षा जास्त नाही.

११ नोव्हेंबर, सकाळी

दस्त्याचे स्क्रू काढले. लाकडी दस्ता एका बाजूला, लोखंडी भाग एका बाजूला. काडीचाही त्रास नाही. दस्त्यावर बारक्याने कर्कटकाने कोरलेलं त्याचं आद्याक्षर आहे. शेजारी माझं. माझं जास्त सरळ आहे.

११ नोव्हेंबर, दुपारी

पिन ओढायची नाही, हे पक्कं ध्यानात ठेवलं होतं. म्हणून ओढली नाही. लाटण्याने ठोकली. ठोकू नये असं पुस्तिकेत कुठेही नाही.

स्प्रिंग बाहेर निघाली. म्हणजे काम यशस्वी. फ्रिजवरून, सूनबाईच्या कानाजवळून, खिडकीतून बाहेर.

खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत. ते स्वतः स्प्रिंग घेऊन वर आले. फार सभ्य माणूस. त्यांच्या खिडकीच्या पत्र्यावर ती आदळली तेव्हा त्यांचं बोट एका पेशंटच्या तोंडात होतं. बोटाला पट्टी होती. म्हणाले, "ही तुमचीच असावी. आमच्याकडे एवढी स्प्रिंग कुणाच्या तोंडात बसत नाही." मी त्यांना बिस्किटं दिली. त्यांनी उजव्या हाताने घेतली, डाव्या हाताला पट्टी होती म्हणून.

सूनबाईने विचारलं, आई, हे थांबवायचं का? मी म्हटलं, आता तर रस्ता मोकळा झाला.

हेल्मेट जेवतानाही होतं.

१३ नोव्हेंबर

आज विश्रांती. यंत्राला विश्रांती लागते. मला नाही.

१४ नोव्हेंबर

नवा पिस्टन आत जाईना. नळकांड्याला एक फट आहे, तिच्या धारेवर सील अडतं. जरा जोर लावला. काहीतरी "चर्र" वाजलं. नवीन वस्तू सुरुवातीला कुरकुरतातच.

पुस्तिकेत लिहिलंय, "ग्रीस व्हेरी लेस." मी "व्हेरी लिटल" केलं. पण मग आठवलं, स्वयंपाकाच्या तासाला सिस्टर म्हणायच्या, केकच्या भांड्याला हात आखडून लोणी लावणाऱ्या मुलीचा केक कधी सुटत नाही. म्हणून ग्रीसची अख्खी ट्यूब. कंजूषपणा कशाला, भावासाठीच करतेय ना?

स्प्रिंग बसवायला तिघं लागलो. सूनबाईने बंदूक भिंतीशी दाबून धरली, यांनी (हेल्मेटसकट) स्प्रिंग दाबली, मी पिन घातली. हे म्हणाले, आता दाबलेली चालते वाटतं? बसवतानाचं व्याकरण वेगळं असतं, असं मी सांगितलं.

सगळं झाल्यावर रुमालावर एक कडी उरली. चांगल्या कंपन्या एखादा भाग जास्तीचा देतात.

१५ नोव्हेंबर

चालवून बघितली नाही. सूनबाई म्हणते, एकदा बघा. पण पहिला नेम बारक्याचा. तसं ठरलंय. कुणी ठरवलं, असं तिने विचारलं. मी बाबांच्या फोटोकडे बघितलं.

बारक्या येण्याआधी विमान कंपनीला पुन्हा फोन केला. थोडे पैसे कापतात, बाकीचे परत. चांगले लोक वाटले.

१७ नोव्हेंबर

बारक्या आला. दोनच बॅगा. मी विचारलं, सामान कुठाय? म्हणाला, हेच. एवढ्या मोठ्या घराचं, एवढ्या मोठ्या माणसाचं सामान दोन बॅगांत बसतं, हे मला माहीत नव्हतं.

दारातच दोन्ही हातांनी माझे गाल ओढले. लहानपणी मी त्याचे ओढायचे. सूनबाईला त्याने सांगितलं की ताई लहानपणी फार मारायची. खोटं आहे. फार नाही.

१८ नोव्हेंबर

नाश्त्याला बारक्याने पुस्तिका वाचली. माझ्या दुरुस्त्यांसकट. हा शाळेत इंग्रजीत दरवर्षी वर ढकलला जायचा. एका पानावर थांबला आणि त्याचं पोट टेबलासकट हलायला लागलं. म्हणाला, "अगं ताई, हे 'नो वर्क, नो पे'सारखं आहे. स्प्रिंग दाबून धरली नसेल तर पिन ओढू नका, असं म्हणतोय बिचारा."

यांनी पेपर खाली केला. हेल्मेटची काच वर केली.

तसाही एक अर्थ निघू शकतो. व्याकरणाच्या दृष्टीने माझंच बरोबर आहे.

१९ नोव्हेंबर

गच्चीवर गेलो. कठड्यावर बिस्किटांचा डबा ठेवला, मागे जुनी गादी उभी केली. बारक्या गुडघा टेकायला गेला आणि मग आम्ही त्याला खुर्ची आणून दिली. मी मागे उभी, गाऊनच्या खिशात छर्रे. एक दिला. त्याने न बघता हात मागे केला, अगदी तसाच, तळवा वर करून.

चाप ओढला.

एवढा मोठा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. पांढरा धूर. ग्रीस आत पेटलं असावं, असं हे म्हणाले. हेल्मेट होतं तरी त्यांना सगळ्यात आधी कळलं. खालून डॉक्टर दोन्ही हात वर करून बाल्कनीत आले.

डबा जागेवर. गादी जागेवर. छर्रा कुठेच नाही. बारक्याने नळीतून उजेडाकडे पाहिलं. उजेड नव्हता. छर्रा नळीतच बसला होता.

नळी खाली दाबून पुन्हा स्प्रिंग ताणली तर आत काहीतरी कडकन तुटलं आणि बंदूक मधोमध लोंबायला लागली. बारक्या इतका हसला की खुर्चीचा एक पाय वाकला. मीही हसले. हे हेल्मेटमध्ये हसले, त्याचा वेगळाच आवाज येतो.

मग बाकीचे खाली गेल्यावर मी सहज विषय काढला. तिकिटाचा. म्हटलं, पैसे थोडेच कापतात. बारक्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. बराच वेळ पुसला. काच आधीच स्वच्छ होती.

"एकाच बाजूचं तिकीट आहे, ताई," तो म्हणाला. "पोरगं एकटं आहे तिकडे."

मी म्हटलं, हो, बरोबर आहे. मग डबा घेऊन खाली आलो. तो रिकामाच होता तरी दोघांनी धरला होता.

२१ नोव्हेंबर

बंदूक दुरुस्त करणाऱ्याला फोन केला. सील फाटलं असणार, म्हणाला, आणि कडी न लावल्यामुळे आतलं तुटलं. किती दिवस लागतील? जानेवारी, म्हणाला.

२४ नोव्हेंबर

बारक्या गेला. निघताना बंदुकीच्या दस्त्यावरून एकदा बोट फिरवलं, अक्षरांवरून. तुझं खरंच सरळ आहे, म्हणाला.

मी अजिबात रडले नाही. हाताचं ग्रीस डोळ्याला लागलं. हात धुतले होते, पण ग्रीस फार चिवट असतं. अख्खी ट्यूब होती.

२६ नोव्हेंबर

बंदूक चालणार नाही. हे स्पष्ट लिहून ठेवते, म्हणजे उद्या पुन्हा टेबल आवरायला नको.

वाटणी अशी करावी:

जुनी स्प्रिंग डॉक्टरांना. त्यांनी मागितलेली नाही, पण त्यांचा तिच्याशी संबंध आहे. सोबत बिस्किटांचा पुडा.

जुना पिस्टन सूनबाईला, बिलांवर ठेवायला वजन म्हणून. जड आहे, तिच्यासारखाच भरवशाचा.

उरलेली कडी यांना, स्कूटरच्या किल्लीसाठी. हेल्मेट आता काढायला हरकत नाही, हेही सांगावं. मी सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

पुस्तिका कंपनीला परत पाठवावी. दुरुस्त्या तशाच ठेवाव्यात. फक्त त्या एका वाक्यावरच्या मी खोडल्या आहेत.

दस्ता बारक्याला. पार्सलने. अक्षरांच्या बाजूला कापूस जास्त लावावा.

नळी कुणालाही देऊ नये. फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे. आतला छर्रा कुणी सळईने काढू नये, साफसफाईच्या नादात तर नाहीच. छर्रा अडकला की पाळी पुरी होत नाही. बाबांचा कायदा आहे. म्हणजे अजून बारक्याचीच पाळी आहे आणि ती पुरी करायला त्याला यावंच लागेल. आला की नळी त्याच्या हातात द्यावी. मी घरात नसले तर थांबायला सांगावं.

त्याच्यानंतर माझी आहे.