मिरीच तर आहे!

४ मार्च
लंबू आज जिन्यात झोकांड्या खात आला. पिऊन नव्हता — वास घेऊन पाहिला मी! म्हणाला, "ताई, पायऱ्या दोन-दोन दिसतायत." आणि हा माझा धाकटा भाऊ उद्या उंच इमारतीवर दोराला लटकून काचा पुसणार! फिटचा त्रास आहे, असलं काम करू नकोस, डॉक्टरांनी बजावलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी. गोळी मात्र नेमाने घेतो. तेवढ्यावर माझा जीव टांगलेला.

६ मार्च
रक्त तपासलं. फिटचं औषध रक्तात फारच वाढलंय. डॉक्टर त्याच्यावर डाफरले, "गोळ्या जास्त घेतोस?" त्याने आईची शपथ घेतली. मग डॉक्टरांनी मला विचारलं, "आणखी काही चालू आहे?" "नाही," म्हटलं. त्यांनी डोस अर्धा केला.

खोटं कुठे बोलले मी? आत्याने दिलेल्या मिरीच्या अर्काच्या कॅप्सूल काय औषध आहेत! "खाल्लेलं अंगी लागतं गं," म्हणाली. हा नुसता काटकुळा. गिळ म्हटलं तर तोंड वाकडं करतो, म्हणून रोज एक फोडून त्याच्या भाजीत घालते. तिखटात तिखट खपून जातं. त्याच्यादेखत कसं सांगणार?

९ मार्च
केमिस्टला सहज बाटली दाखवली. त्याने चष्मा वर केला. "फिटच्या गोळ्यांबरोबर? अहो ताई, चिमूटभर मिरी वेगळी, हा अर्क वेगळा. याने ते औषध रक्तात वाढू शकतं. डॉक्टरांना सांगा आधी."

म्हणजे मीच! घरी येऊन सगळ्या कॅप्सूल फोडून मोरीत ओतल्या. आता डॉक्टरांना काय सांगायचं? शिव्याच खाव्या लागतील. ब्याद गेली, झालं.

११ मार्च
चाल सरळ झाली. शिट्टी वाजवत कामावर गेला. सुटले बाई!

१४ मार्च
भांडी घासताना एकदम डोक्यात आलं. डोस अर्धा केला, तो अर्क पोटात जात होता तेव्हाचं रक्त बघून! आता अर्क नाही आणि गोळीही अर्धीच. डॉक्टरांचा फोन लागत नाही. लंबू उचलत नाही — वर लटकलेला असला की उचलतच नाही. लिहीत काय बसलेय मी! निघाले.

१४ मार्च, दुपार
त्याच्या उशाशी बसलेय. डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्याच्या कामावरच्या मुकादमाचा फोन वाटेतच आला होता. फिट आली — पट्टा बांधताना, जमिनीवरच. शुद्धीवर येताच लंबू मुकादमाला म्हणाला म्हणे, "ताईला कळवू नका. घाबरेल."