सहा फुटांवरचा चेहरा

१४ ऑक्टोबर, दुपार

ती. भाऊजी,

नमस्कार. पाकिटावर तुमचं नाव बघून ताईला आधी धक्का बसेल, मग ती माझ्या अक्षराला नावं ठेवील. दोन्ही तिला करू द्या. तिचा गुडघा कसा आहे? विचारलं की 'बरा आहे' म्हणते, आणि तुमचं विचारलं की 'दुकानात आहेत.'

इकडे ठीक. शूटिंगला जाणं मी थांबवलंय. आता भाषणाला बोलावतात. कॅमेरा उचलवेनासा झाला की लोक हातात माईक देतात.

माझ्या कॅमेऱ्याच्या कामावर एक पुस्तक निघतंय. त्यातलं सगळ्यात मोठं प्रकरण माझ्या पहिल्या चित्रपटातल्या त्या शॉटवर आहे: खिडकीपाशी बसलेली आई, हातात मुलाचं पत्र, मागची भिंत पोपड्यांसकट स्वच्छ आणि चेहरा मात्र धूसर. बत्तीस वर्षं मी त्यावर बोलतोय. 'दुःख नेमकं दिसत नसतं, म्हणून मी चेहरा सोडला आणि भिंत धरली.' हे वाक्य मी झोपेतही म्हणेन. पुढे तीच माझी पद्धत झाली. एकोणीस चित्रपटांत रडणाऱ्या माणसाला सोडून मी शेजारच्या वस्तूकडे पाहिलं. आणि भाऊजी, खोटं कशाला सांगू, ते काम चांगलं झालं.

पुस्तकाच्या संपादकबाईंनी परवा फोनवर विचारलं, "त्या दिवशी फोकसला कोण होतं?"

मी म्हटलं, "आता आठवत नाही."

ज्यांनी मला मापाची फीत धरायला शिकवली, ज्यांच्या शब्दावर मला या धंद्यात घेतलं, जे माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान, ते आठवत नाहीत! फोन ठेवला आणि स्वतःची लाज वाटली. म्हणून हे पत्र.

तुम्ही कॅमेऱ्यापासून आईचं काम करणाऱ्या बाईंच्या डोळ्यांपर्यंत फीत लावलीत. सात फूट. भिंगावर खूण केलीत आणि नवी फिल्म भरायला शेजारच्या खोलीत गेलात. मला चौकट सैल वाटली. उजेड उतरत होता. मी कॅमेरा तिपाईसकट फूटभर पुढे सरकवला, म्हणजे चेहरा सहा फुटांवर आला आणि फोकस मागच्या भिंतीवर गेला, आणि तुम्ही आल्यावर सांगायचं राहून गेलं. मुद्दाम नाही. तोवर तरी मुद्दाम नाही.

शॉट झाला, बाई गाडीत बसून गेल्या, घरमालक किल्ली मागत उभा. तिपाई उचलताना तुम्हाला तिच्या आधीच्या जागेच्या खडूच्या खुणा दिसल्या, तिपाईच्या पायांपासून फूटभर मागे. तुम्ही चपलेने खुणा पुसल्यात. मी दारातून पाहत होतो.

चार दिवसांनी पडद्यावर तो चेहरा आला. दिग्दर्शक ओरडले, "फोकसला कोण आंधळा बसवला होता?"

तुम्ही म्हणालात, "माप माझं चुकलं."

बायकोच्या भावाचा पहिला चित्रपट, म्हणून तुम्ही ते अंगावर घेतलंत, आणि मी घेऊ दिलं. संध्याकाळपर्यंत तुमचं काम गेलं. पुढे कोणीच बोलावलं नाही, तेव्हा तुम्ही ओळखपत्रांचे फोटो काढायचं दुकान टाकलंत. ते घर परत मिळेना म्हणून शॉट तसाच ठेवला, आणि वर्षभराने तोच शॉट लोकांनी डोक्यावर घेतला आणि मी आयत्या बिळावरचा नागोबा झालो. ताईला तुम्ही यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं असतंत, तर एवढी वर्षं ती माझ्याशी बोललीच नसती.

काल संपादकबाईंना सगळं लिहून कळवलं. त्या म्हणाल्या, "मग तर प्रकरणच कोसळतं." म्हटलं, "कोसळू द्या." छापायला जाणारं नवं पान सोबत जोडलंय. तुमचं नाव त्यात आहे, आणि माप सात फूट होतं, बरोबर होतं, हेही आहे. नाव नको असेल तर त्यावर काट मारून पान परत पाठवा. बाकीचं राहील.

माफी मागत नाही. मागितली की तुम्ही लगेच द्याल, आणि तुमच्याकडून आणखी काही घेण्याची माझी हिंमत नाही. एकच करा, हे पत्र ताईला वाचायला द्या. येत्या रविवारी सकाळी मी फोन करीन. तिने उचलला नाही, तर समजेन की दिलंत.

आपला,
तिचा धाकटा भाऊ