धानाच्या पोत्यावरचा लॅपटॉप

नागपूर, १७ नोव्हेंबर २०२५

ती. आईस,
स. जय भीम, वि. वि.

काकांच्या अंकुशदादासोबत पाठवलेला घरचा लॅपटॉप मिळाला. उघडून पाहिला. आढळलं ते असं:

१. पंख्यात धानाचा कोंडा भरला होता. पंखा फिरत नव्हता.
२. मशीन एकशे बारा दिवस एकदाही बंद केलं गेलं नव्हतं.
३. उष्णतेने मुख्य बोर्ड जळाला. दुरुस्त होणार नाही.
४. डिस्क शाबूत आहे.
५. डिस्कवर ‘तुळसा’ नावाचं फोल्डर आहे. त्यातल्या फायली रोज दुपारी दोन ते चारमध्ये लिहिल्या आहेत. बाबा तेव्हा वाचनालयात असतात.

फायली उघडल्या नाहीत. फक्त नावं आणि वेळा पाहिल्या.

बाबा फोनवर म्हणाले की नवा लॅपटॉप मोठ्या पडद्याचा आणि दणदणीत आवाजाचा घे, घरात तो तेच वापरतात. आपल्या घरचा फोन कायम स्पीकरवर असतो, म्हणून हे पत्र तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवते. कोण किती वापरतं हे खरं कळल्याशिवाय मी मशीन निवडू शकत नाही.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
प्रतिक्षा


सिहोरा, २२ नोव्हेंबर

चि. प्रतिक्षास,
अ. आ.

तुझं पत्र मदतनीस रुखमिणीच्या हाती पडलं. तिनं विचारलं, कोर्टाची नोटीस आली काय. मी म्हटलं, पोरीचं पत्र आहे, ती अशीच लिहिते.

आता ऐक. मी मुक्त विद्यापीठातून बी.ए. करून राहिली. शेवटचं वर्ष आहे. त्या फायली माझे स्वाध्याय आहेत, पंधरा डिसेंबरले द्यायचे आहेत. मशीन बंद पडलं त्या दिवशी मी जेवली नाही. सगळं गेलं असंच वाटलं. तुझा चवथा नंबर वाचला अन् पोरांसमोरच डोळे पुसले.

बाबाले काहून नाही सांगितलं म्हणशील. तू कॉलेजात होती तेव्हा मी पहिल्यांदा फॉर्म भरला, तं त्यांनी विहारात उभं राहून जाहीर केलं, पेढे वाटले. मग मी इंग्रजीत नापास झाली. वर्षभर बाया विचारत, मास्तरीनबाई, निकाल लागला काय. बाबाच्या मनात वाईट नव्हतं, पण मले विहाराच्या रस्त्यानं जाणं नकोसं झालं. म्हणून या खेपेले फॉर्म भरला तो कोणाले न सांगता.

कोंड्याचं सांगते. मोबाइलची रेंज घरात फक्त धानाच्या पोत्यांजवळ येते, तिथंच मशीन ठेवत होती. कोणी आलं की झाकण लावायचं अन् वरून क्रोशाचं कव्हर टाकायचं. बंद कायले करू? चालू करताना ते वाजते, अन् बाबा निघाले नसले तं ओसरीतून विचारतात कोण आहे. तू इंजिनियर, तुले हसू येईल. हास.

मले मोठा पडदा नको. अलमारीत लुगड्यांखाली मावला पाहिजे. बाकी तुले समजते. वेळेवर जेवत जा, हे नंबर टाकून लिहू काय?

तुझी आई,
तुळसा


नागपूर, २७ नोव्हेंबर

ती. आईस,
स. जय भीम, वि. वि.

हसले नाही. झाकण लावलं तरी मशीन चालू राहावं ही सेटिंग मीच केली होती, बाबांची गाणी थांबू नयेत म्हणून. तुला सांगायला विसरले. निम्मी चूक माझी आहे.

फायली पेनड्राइव्हवर घेतल्या आहेत, अंकुशदादा रविवारी आणून देईल. नवा लॅपटॉप ठरवला: चौदा इंची, दीड किलोच्या आत, पंखाच नसलेला, म्हणजे कोंडा आत ओढणार नाही. आठ जीबी मेमरी तुझ्या कामाला पुरते. लाइट गेली तरी बॅटरी सहा तास चालेल. दुरुस्ती केंद्र भंडाऱ्यात आहे. सुरू होतानाचा आवाज मी बंद करून देईन. पोत्यावर लाकडी पाट ठेव आणि चालू मशीनवर कव्हर टाकू नकोस. बाबांना गाण्यांसाठी वेगळा स्पीकर घेते, त्यांना तेवढंच लागतं.

एक गोष्ट मला ठरवता येत नाही. बिलावर आणि वॉरंटी कार्डावर एकच नाव पडतं, आणि खोकं घरी आलं की बाबा ते मोठ्याने वाचतील. बाबांचं, केशवराव, टाकलं तर निकालापर्यंत कोणाला कळणार नाही, पण मशीन त्यांचं होईल. तुळसा टाकलं तर संध्याकाळपर्यंत विहारात कळेल. तुझ्या जागी मी काय केलं असतं ते सांगणार नाही. शेवटच्या वर्षाला पोचलीस म्हणजे आधीची दोन्ही वर्षं पास झालीस, एवढंच नोंदवते.

जेवते वेळेवर.

बिलावर कोणाचं नाव टाकू, ते शुक्रवार, ५ डिसेंबरपर्यंत कळव.

तुझी,
प्रतिक्षा